परमुलखातील अंगण

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमची लेक जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात एका इस्पितळात परिचारिका आहे. दर रविवारी आमच्याकडे रात्रीची जेवणे आटोपली, जपमाळ झाली, की तिचा फोन येतो. त्या रविवारी फोन आला तेव्हा ती रस्त्यात होती. पावसाचा आवाज आम्हांला ऐकू येत होता. "आई, फार भिजले आहे मी. घरी पोहोचले की निवांत बोलते," एवढे म्हणून तिने फोन ठेवला.

वाक्य अगदी साधे होते. परंतु ते ऐकून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसून राहिलो. तिथे गेल्यापासून दीड वर्षात तिने त्या जागेला कधी 'रूम' म्हटले होते, कधी 'फ्लॅट' म्हटले होते. 'घर' हा शब्द तिने हुपरीच्या या चार खोल्यांसाठी राखून ठेवला होता, निदान आमची तशी समजूत होती. त्या दिवशी तो शब्द तिच्या तोंडून सहज निघून गेला आणि आम्हांला वाईट वाटले. लेक सुखरूप आहे, परक्या शहरात तिला आपलेपणा वाटू लागला आहे, याचा खरे तर आनंद व्हावयास हवा होता. मग हे वाईट वाटणे आले कुठून? आणि ते योग्य होते का?

वाचकहो, आज आपल्या कितीतरी कुटुंबांतील कोणी ना कोणी आखातात, युरोपात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे. म्हणून हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नाही, असे समजून तो आपल्यापुढे मांडीत आहोत. माणसाने परक्या गावाला आपले घर म्हणावे का? आणि म्हटले, तर ती पहिल्या घराशी प्रतारणा होते का?

हुपरी हे हातकणंगले तालुक्यातील गाव चांदीच्या कामासाठी ओळखले जाते. कुठे भट्टी पेटलेली असते, कुठे तार ओढली जात असते, कुठे ओसरीवर बसून बायका घुंगरे ओवीत असतात. इथले पैंजण देशभरातील बाजारपेठांत जातात. दागिना घडायचा इथे आणि नांदायचा दुसऱ्याच कोणाच्या पायांत, ही या गावाची रीतच आहे. अशा गावात वाढलेल्या मुलीने दूर जाण्याचे आम्हांला आश्चर्य वाटावयास नको होते. तरी ती निघाली तेव्हा आम्ही मनाशी धरून चाललो होतो की ही काही वर्षांची सोय आहे.

सुरुवातीचे महिने तिला जड गेले. इथे असतानाच तिने जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या होत्या, पण पुस्तकातील भाषा वेगळी आणि वॉर्डातील वृद्ध रुग्णांची बोली वेगळी. त्या देशात राहावयास गेलेल्या प्रत्येकाला नगर कार्यालयात जाऊन आपल्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. तिने 'रोमन कॅथलिक' असे लिहिले, आणि पगारातून आयकराच्या आठ टक्के इतका ख्रिस्तसभेचा कर कापला जाऊ लागला. हे ऐकून आम्ही थक्क झालो. ती मात्र म्हणाली, "आई, या देशात मी कोण आहे हे मला पहिल्यांदा त्या रकान्याने विचारले." रविवारी दुकाने बंद, रस्ते शांत. मिस्सेला गेली की भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण कधी उभे राहावयाचे आणि कधी गुडघे टेकावयाचे हे शरीराला ठाऊक होते. मिस्सा संपली की लोक आपापल्या वाटेने जात आणि ती आपल्या खोलीवर येई. "मी इथे राहते, पण नांदत नाही," असे ती एकदा म्हणाली होती.

'नांदणे' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. राहणे वेगळे आणि नांदणे वेगळे. धर्मशाळेत माणूस राहतो, घरात नांदतो. आपल्याकडे हा शब्द विशेषतः सासरी गेलेल्या मुलीसाठी वापरतात, आणि इथेच आमच्या दुःखातील विसंगती आमच्या ध्यानात आली. पिढ्यानपिढ्या आपण प्रत्येक मुलीला सांगत आलो आहोत की परक्या घरी जा, त्या घराला आपले म्हण आणि तिथे सुखाने नांद. तिने तसे केले तर तिला आपण कधी कृतघ्न म्हटले नाही. उलट, सासर आपले न मानणारी मुलगी आपल्याला चिंतेचा विषय वाटली. मग आमच्या लेकीने स्वतःच्या कष्टाने, स्वतःच्या शिक्षणाच्या बळावर एका शहराला घर म्हटले, तर आमच्या मनाला ठेच का लागावी? तिला कोणाच्या तरी घरी नांदावयास पाठविण्याची आमची तयारी होती. ती आपल्या घरी नांदेल, याची नव्हती.

अर्थात सासरी नांदण्याचा आपला जुना आदर्शही निर्दोष नाही. त्यात मुलीने स्वतःला पुसून टाकावे अशी अपेक्षा असे. माहेरचे नाव, माहेरच्या सवयी, कधी कधी माहेरची बोलीसुद्धा तिने मागे ठेवावी, म्हणजे ती 'रुळली' असे म्हणत. रुळणे म्हणजे असे पुसले जाणे असेल, तर आमच्या लेकीने रुळू नये असेच आम्ही म्हणू. तेव्हा प्रश्न अधिक नेमका करावयास हवा. स्वतःला न पुसता परक्या गावी नांदता येते का?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे दोन आवाज ऐकू येतात. एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील बाबेलचे बंदिवान नदीकाठी बसून रडतात आणि परक्या भूमीवर आपले गीत गाण्यास नकार देतात. त्यांना वाटते की इथे गाणे म्हणजे यरुशलेमला विसरणे. त्याच बंदिवानांना यिर्मया संदेष्टा पत्र पाठवितो आणि सांगतो की तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा. परत येण्याचे वचनही त्या पत्रात आहे, पण ते सत्तर वर्षांनंतरचे. म्हणजे पत्र वाचणाऱ्या बहुतेकांना ते परतणे दिसणार नव्हते. शास्त्राने हे दोन्ही आवाज जपून ठेवले आहेत, एकासाठी दुसरा खोडून टाकलेला नाही. म्हणून आम्हांला वाटते की आठवणीचे अश्रू आणि बाग लावणारे हात यांतून एकाची निवड करावी, असे शास्त्राचे सांगणे नसावे.

हे केवळ ग्रंथातील बोलणे आहे असे कोणी म्हणेल. पण आमच्या हुपरीपासून काही मैलांवर वळिवडे गाव आहे, आणि तिथे हा प्रश्न सुमारे पाच हजार माणसांनी प्रत्यक्ष जगून पाहिला आहे. १९४० आणि १९४१ या वर्षांत सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना घरांतून उठवून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले. पुढे १९४१ च्या कराराने त्यांची सुटका झाली. त्यांतील काही लोक १९४२ मध्ये इराणात पोहोचले आणि तिथून काही जण हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या काळच्या कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याला १९४३ मध्ये याहून पुष्कळ मोठी वसाहत उभी राहिली. तिच्यात बायका आणि मुलेच अधिक होती, कारण अनेक घरांतील पुरुष सैन्यात गेले होते किंवा मरण पावले होते. बहुतेक सारे कॅथलिक होते.

ही माणसे जाणत होती की आपण इथे कायमचे राहणार नाही. युद्ध संपण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने तात्पुरत्या बराकीसमोर फुलझाडे कशासाठी लावावीत? पण त्यांनी लावली. त्यांनी देऊळ उभारले, शाळा चालविल्या, दवाखाना, नाट्यगृह आणि मुलांची बालवीर पथके उभी केली. मुले पंचगंगेत पोहली. आजूबाजूच्या गावांतील विक्रेत्यांनी व्यवहारापुरती पोलिश भाषा उचलली. त्यांची प्रार्थना, भाषा आणि सण सारे पोलिशच राहिले. तरीही त्यांनी आमच्या मातीत, आमच्या पावसात अंगणे केली. शक्य होते ते सारे त्यांनी केले, आणि परतण्याची आशाही सोडली नाही.

ती आशा बहुतेकांची पुरी झाली नाही. युद्ध संपले तेव्हा त्यांची पूर्वेकडील गावे पोलंडच्या सीमेबाहेर, सोव्हिएत संघात गेली होती. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कोणी पोलंडला परतले, परंतु कित्येकजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगले आणि त्यांनी पुन्हा एकदा परक्या शहरात अंगण करण्यास आरंभ केला. काहीजण इथल्याच मातीत विसावले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत आणि २०१४ मध्ये त्यांचा जीर्णोद्धार झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या वसाहतीत बालपण घालविलेली काही वृद्ध माणसे पुन्हा कोल्हापुरास आली. ज्या गावी आपण नाइलाजाने आणले गेलो, ते गाव पाहावयास म्हातारपणी कोणी इतक्या लांबून येईल का? केवळ तळ ठोकलेल्या जागेकडे कोणी परत येत नाही. ती जागा त्यांच्या आयुष्यातील एक घर झाली होती, आणि म्हणून पोलंड त्यांच्या हृदयात काही कमी झाला नव्हता. आज वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

पुढे त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. ती वस्ती म्हणजेच आजचे गांधीनगर, जिथे आपण सारे लग्नाचा बस्ता बांधावयास जातो. एका परागंदा समाजाने सोडलेल्या भिंतींत दुसऱ्या परागंदा समाजाने संसार थाटले. पहिल्यांना जावे लागले, दुसरे राहिले, पण अंगण झाडण्याचे काम दोघांनीही केले.

इथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. परक्या गावी फार रमलेला माणूस हळूहळू आपले सारे विसरतो, नातवंडांना आजीची भाषा येत नाही, जपमाळेची मराठी प्रार्थना एका पिढीत पुसून जाते. हे घडते, आणि ते दुःखाचे आहे. पण उलट बाजूची हानी आपण सहसा मोजत नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षे परदेशात राहून ज्यांनी शेजाऱ्याचे नाव विचारले नाही, ज्यांची बॅग मनातल्या मनात नेहमी भरलेलीच राहिली, अशीही माणसे असतात. ती धड इथली राहत नाहीत, धड तिथली होत नाहीत. विसरणारा आपला भूतकाळ गमावतो, आणि न रमणारा आपले वर्तमान गमावतो.

या दोहोंमधील वाट चालून दाखविणारा एक थोर प्रवासी आपल्या साहित्याच्या दारातच उभा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याने इथली भाषा कामापुरती शिकून सोडून दिली नाही. १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. मायदेशी तो परतला नाही. परक्या भाषेत तो इतका खोल गेला की ती त्याची झाली, आणि त्याने आपली श्रद्धाही सोडली नाही. अर्थात त्याच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरून चालणार नाही. सत्तेच्या छायेत आलेल्याला आणि पोटासाठी किंवा जीव वाचविण्यासाठी आलेल्याला परका गाव सारखा वागवीत नाही. तरीही भाषेवर प्रेम करणे ही नांदण्याची पहिली पायरी आहे, एवढे त्याच्याकडून घेता येते.

आणि दुसरी पायरी? ती आम्हांला लेकीनेच दाखविली. तिच्या भागात एक जुनी चाल आहे. एका इमारतीतील भाडेकरूंनी आठवड्याआठवड्याने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडावयाचा. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर एक पाटी लटकवितात. या चालीला 'केरवोखे' म्हणतात, आणि त्यातील 'केर' आपल्या केरासारखाच ऐकू येतो, याची तिला फार गंमत वाटली. पहिल्यांदा तिच्या दारावर पाटी लागली तेव्हा तिला तिचा अर्थच कळला नव्हता. जिना तसाच राहिला. कोणीतरी तक्रारीची चिठ्ठी लावली. ती वाचून ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरील एक वृद्ध बाई स्वतः झाडू घेऊन वर आल्या, त्यांनी काही न बोलता वरच्या पायरीपासून झाडावयास सुरुवात केली आणि निम्म्यावर झाडू तिच्या हाती दिला. मग दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी घेतली. हे सांगताना लेक म्हणाली, "पप्पा, त्या दिवसापासून तो जिना मला माझा वाटू लागला."

ज्या जागेचा केर आपण काढतो ती जागा आपली होते. पगार, खोली आणि परवाना मिळाल्याने माणूस राहू लागतो. सर्वांच्या जिन्याची काळजी त्याच्यावर येते, तेव्हा तो नांदू लागतो. यिर्मयाने शहराच्या कल्याणासाठी झटा असे का सांगितले असावे, याचा उलगडा आम्हांला त्या जिन्यापाशी झाला.

परंतु त्या गोष्टीत झाडू घेऊन वर आलेल्या बाईही आहेत. त्यांच्या जागी केवळ तक्रारीची चिठ्ठीच असती, तर? आमच्या गावचे कारागीर चांदीचे दोन तुकडे जोडताना मध्ये झाळ घालतात. झाळीत चांदीच असते, पण दुसरा धातू मिसळल्यामुळे ती लवकर वितळते. ती आधी वितळते, म्हणून दोन्ही तुकडे आपापला आकार न सोडता एकमेकांना धरून राहतात. परका माणूस आणि परका गाव यांच्यामध्येही कोणाला तरी आधी मऊ व्हावे लागते. ते नेहमी नवख्यानेच व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

हे लिहिताना आमची मान खाली जाते. आमच्या गल्लीत तीन वर्षांपासून एक बंगाली कारागीर भाड्याच्या खोलीत राहतो. सकाळी दिसला की आम्ही मान हलवीत होतो, एवढेच. आपसांत बोलताना त्याला 'तो बंगाली' म्हणत होतो. आमच्या लेकीला कोणी 'ती इंडियन' म्हणून सोडून दिले असते तर आम्हांला कसे वाटले असते, हा विचार तीन वर्षांत एकदाही मनात आला नाही. पवित्र कुटुंब मिसरात पळून गेले, असे शुभवर्तमान सांगते, पण तिथे त्यांनी दिवस कसे काढले याबद्दल ते काहीच सांगत नाही. मरियेने पाणी कुठल्या विहिरीवरून आणले, योसेफाने काम मागताना कोणती भाषा वापरली, शेजारच्या बाईने बाळाला खेळवावयास घेतले की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या आपल्या दस्तऐवजात त्याच कुटुंबाला सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हटले. तो आदर्श आपण स्थलांतरितांसाठी मानतो. मिसरातील शेजाऱ्यांच्या जागी आपण कधी कधी उभे असतो, हे मात्र विसरतो.

आम्ही त्या कारागिराचे नाव विचारले. त्याला दोन मुली आहेत, धाकटी यंदा शाळेत जाऊ लागली. नाताळात त्याच्या खोलीवर आम्ही फराळाचे ताट पाठविले. ताट परत आले ते रिकामे नव्हते, त्यात नारळाचे लाडू होते. एवढ्याने तो इथे नांदू लागला असे आम्ही म्हणत नाही. तीन वर्षे उशिरा का होईना, चिठ्ठी सोडून झाडू हाती घेतला, एवढेच.

आता राहिले ते मागे राहिलेल्यांचे कर्तव्य. आम्ही मूळचे आजऱ्याकडचे. तीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त हुपरीला आलो. एका सुट्टीत आजऱ्याहून निघताना आम्ही सहज म्हणालो, "आता घरी जायला हवे." लेकीची आजी तेव्हा काही बोलल्या नाहीत, पिशवीत काजू भरीत राहिल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हांला तीस वर्षांनी कळला. त्यांनी आपले दुःख आमच्या पायांत अडकविले नाही, म्हणून आम्ही इथे नांदू शकलो. ते ऋण आता पुढे फेडावयाचे आहे. मुलांनी दूर जाऊन रडत राहावे, म्हणजे ती आपली राहतील, असे प्रेमाला वाटू शकते. पण ते प्रेमातील लोभाचे बोलणे आहे. ज्या घराने माणसाला नांदावयास शिकविले, त्या घराचा तो शब्द दुसऱ्या गावी खरा होत असेल, तर पहिल्या घराचे काही हरवत नाही.

त्या रविवारी तासाभराने लेकीचा पुन्हा फोन आला होता. आम्ही इकडचे तिकडचे बोललो, मनातील गोष्ट मनातच ठेवली. पुढील रविवारी मात्र फोन वाजताच आम्ही आधी विचारले, "पोहोचलीस का घरी?" ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हो, आत्ताच. या आठवड्यात माझ्या दारावर पाटी आहे, जिना झाडूनच वर आले." तेव्हापासून रात्रीच्या जपमाळेच्या अखेरीस आम्ही हुपरीसाठी प्रार्थना करतो, आणि तिच्या शहरासाठीही करतो.